पाच डॉलरचे दुकान आणि गिऱ्हाइकाची ठेव

कोडिंग न शिकता ब्राउझर एक्स्टेंशन तयार करून पूरक उत्पन्न मिळवण्याचा मार्ग आज व्यापारी घरांतील तरुणांना खुणावतो आहे. या जोडधंद्याचे भांडवल नेमके कोणते, नफा किती आणि जोखीम कशाची, याचा कर्जत-खालापूरच्या बाजारपेठेतून घेतलेला आढावा.

कर्जत, नेरळ आणि खोपोली या बाजारपेठांनी व्यापाराची अनेक रूपे पाहिली. भाताच्या गिरण्यांचा काळ होता, बोरघाट चढणाऱ्या मालाचा काळ होता. १९१५ मध्ये खोपोलीत टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि पुढे कारखान्यांनी वस्ती वाढवली, तोही एक काळ होता. आता शनिवार-रविवारी मुंबईहून येणाऱ्या फार्महाऊस आणि रिसॉर्टच्या गिऱ्हाइकांचे दिवस आहेत. गादीवर बसणाऱ्या प्रत्येक पिढीने काळाप्रमाणे माल बदलला. रोजमेळाची शिस्त मात्र बदलली नाही.

आजच्या पिढीपुढचा प्रश्न थोडा वेगळा आहे. घरपोच माल देणाऱ्या अ‍ॅप्समुळे किराणा, कापड, भांडी आणि हार्डवेअर अशा सर्वच धंद्यांतील नफ्याचे प्रमाण घटले आहे. मुलगा लोकलने ठाणे-मुंबई गाठून शिकतो किंवा नोकरी करतो. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन आलेली सून घर सांभाळून दुकानाचे जीएसटीचे काम पाहते. दोघांच्याही हाती संगणक आहे, दुपारचे दोन तास मोकळे आहेत आणि कानावर एक नवी गोष्ट पडलेली आहे : ब्राउझर एक्स्टेंशन तयार करा, दुकानात मांडा आणि झोपेतही पैसे कमवा. यातील शेवटचे वाक्य व्यापाऱ्याच्या कानाला लगेच खटकते. पहिली दोन वाक्ये मात्र खोटी नाहीत, म्हणूनच हा विषय नीट समजून घेण्याजोगा आहे.

घाटातले मागचे इंजिन

एक्स्टेंशन म्हणजे काय, हे कर्जतकरांना सांगणे सोपे आहे. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जत स्थानकात मागून बँकर इंजिने जोडली जातात. बोरघाटाचा चढ ३७ फुटांना १ फूट इतका तीव्र आहे; तो पार होईपर्यंत ही इंजिने गाडीला मागून रेटा देतात आणि लोणावळ्याला सुटी होतात. गाडी त्यांची नसते, प्रवासीही त्यांचे नसतात. अवघड टप्प्यावर मदत करणे एवढेच त्यांचे काम.

क्रोम, एज किंवा फायरफॉक्स हा ब्राउझर म्हणजे ती गाडी आणि एक्स्टेंशन म्हणजे मागचे छोटे इंजिन. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत त्याचे लहानसे चिन्ह दिसते. कोणी त्याने पानावरील मजकूर मोठा करतो, कोणी न वापरलेले टॅब झोपवतो, कोणी एकच माहिती वारंवार भरण्याचा त्रास वाचवतो. एक एक्स्टेंशन, एक काम असा नियमच आहे. क्रोम वेब स्टोअरच्या धोरणात एक्स्टेंशनचा उद्देश एकच आणि स्पष्ट असावा, असे सांगितले आहे.

क्रोमचे हे दुकान २०१० च्या डिसेंबरात उघडले. तेथे माल मांडण्यासाठी एकदाच ५ डॉलर, म्हणजे साधारण साडेचारशे रुपये, नोंदणी शुल्क भरावे लागते. फायरफॉक्स आणि एज यांच्या दुकानांत तेही लागत नाही. भाडे नाही, पागडी नाही, मालाचा साठा नाही. इतक्या कमी भांडवलात उघडणारे दुसरे दुकान कर्जतच्या बाजारात सापडणार नाही.

कोड लिहिला नाही, तरी तो असतोच

कोडिंगशिवाय या शब्दाचा अर्थ मात्र नीट लावला पाहिजे. एक्स्टेंशन म्हणजे काही लहान फायलींची एक पुरचुंडी असते. त्यात मॅनिफेस्ट नावाची एक फाईल असते; एक्स्टेंशनचे नाव काय, त्याला कोणकोणत्या परवानग्या हव्यात, हे तिच्यात लिहिलेले असते. बाकीच्या फायलींत प्रत्यक्ष काम करणारा कोड असतो. पूर्वी तो कोड माणूस लिहीत असे. आता चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड यांसारख्या साधनांना साध्या भाषेत काम सांगितले की ती तो लिहून देतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये संगणकतज्ज्ञ आंद्रे कारपथी यांनी या पद्धतीला ‘व्हाइब कोडिंग’ असे नाव दिले आणि ते जगभर रूढ झाले.

तयार फायली एका फोल्डरमध्ये ठेवायच्या, ब्राउझरच्या एक्स्टेंशनच्या पानावर डेव्हलपर मोड सुरू करायचा आणि तो फोल्डर उघडायचा, की एक्स्टेंशन आपल्याच संगणकावर चालू लागते. दुकानात मांडण्यापूर्वी ते असे कितीही दिवस वापरून पाहता येते. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत काहीतरी चालताना दिसते, यात अतिशयोक्ती नाही. पण चालते आणि बरोबर चालते यांत मोठे अंतर आहे. हे अंतर कसे धोक्याचे ठरते, याचे उदाहरण आपल्याच नित्यक्रमात आहे.

समजा, एखाद्या मुलीने नवकारसी आणि चौविहारची वेळ दाखवणारे एक्स्टेंशन करायचे ठरवले. कल्पना उत्तम आहे. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी नवकारसी येते आणि सूर्यास्तापूर्वी चौविहार. सूर्योदय गावागणिक बदलतो. कर्जत मुंबईच्या पूर्वेला असल्याने येथे तो सुमारे २ मिनिटे आधी होतो. मुंबईची छापील वेळ कर्जतला तंतोतंत लागू पडत नाही, म्हणून गावाप्रमाणे वेळ सांगणाऱ्या साधनाला खरोखर उपयोग आहे. अशी साधने मोबाइलवर आहेत. दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्यासाठी नवा टॅब उघडताच वेळ दिसणे ही वेगळी सोय झाली.

तेच एक्स्टेंशन इंग्लंडमधील लेस्टरच्या श्रावकाने घेतले तर? तेथे मार्चअखेरीस घड्याळे १ तास पुढे केली जातात. यंत्राने लिहिलेल्या कोडात हा बदल राहून गेला, तर उन्हाळाभर नवकारसीची वेळ १ तास आधी दिसेल आणि श्रद्धेने त्यावर विसंबणाऱ्याचे पच्चक्खाण रोज मोडेल. यंत्र ही चूक अतिशय आत्मविश्वासाने करते आणि पडद्यावर सर्व काही सुंदरच दिसते. म्हणून १० गावे आणि वर्षातील १२ तारखा निवडून, विश्वासार्ह पंचांगाशी वेळ ताडून पाहणे हे बनवणाऱ्याचेच काम ठरते. कोड दुसऱ्याने लिहिला, तरी शिक्का आपल्या पेढीचा असतो.

माल कोणता मांडावा

या दुकानांत माल उदंड आहे. जाहिराती रोखणारी, टिपणे ठेवणारी, भाषांतर करणारी एक्स्टेंशन आधीच मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांतली कित्येक मोफत. तेथे नव्या माणसाने उतरणे म्हणजे भरल्या बाजारात तेच वाण घेऊन बसणे. व्यापारी घरातील तरुणाचे बळ दुसरीकडे आहे. धंद्यातले कोणते काम रोज १० वेळा करावे लागते आणि कोठे चूक होते, हे त्याला ठाऊक असते. मोठ्या शहरातील कुशल प्रोग्रामरला ते ठाऊक नसते.

जीएसटी क्रमांकाचे उदाहरण घ्या. तो १५ अक्षरांचा असतो. पहिले २ आकडे राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७. पुढची १० अक्षरे पॅनची. आणि अगदी शेवटचे अक्षर आधीच्या १४ अक्षरांवरून गणिताने काढलेले असते. म्हणजे बिल करताना एखादे अक्षर चुकले, तर ते इंटरनेटवर न जाताही बहुतेक वेळा पकडता येते. पानावरील क्रमांक निवडला की तो रचनेने बरोबर आहे की नाही हे सांगणारे छोटे एक्स्टेंशन कोणत्याही ठोक व्यापाऱ्याच्या कारकुनाला उपयोगी पडेल. मात्र ती नोंदणी चालू आहे की रद्द झाली, हे केवळ सरकारी पोर्टलच सांगू शकते. एक्स्टेंशनच्या वर्णनात ही मर्यादा स्पष्ट लिहिली नाही, तर गिऱ्हाइकाची दिशाभूल होईल.

याहूनही जवळचे काम ऑर्डरीचे आहे. द्रुतगती मार्गालगतच्या वाहतूकदारांची कार्यालये, खोपोली आणि पाताळगंगा परिसरातील उद्योग, कर्जतची रिसॉर्ट, करसल्लागारांची कार्यालये या सर्वांकडे रोज तीच माहिती एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्यावर उतरवण्याचे काम चालते. त्या एका कार्यालयापुरते एक्स्टेंशन करून देता येते. क्रोमच्या दुकानात माल सर्वांना न दाखवता केवळ दुवा असलेल्यांना किंवा निवडक लोकांनाच देण्याची सोय आहे. एक पथ्य मात्र पाळावे : सरकारी पोर्टल किंवा बँक यांचा पासवर्ड एक्स्टेंशनमध्ये साठवण्याच्या भानगडीत पडू नये. गिऱ्हाइकाने आग्रह धरला, तरीही.

रोजमेळ काय सांगतो

आता आकडे. क्रोमच्या दुकानात पूर्वी पैसे घेण्याची व्यवस्था होती; गुगलने २०२० मध्ये ती बंद करण्याची घोषणा केली. तेव्हापासून विक्रेत्याला पैसे वसूल करण्याची सोय स्वतःच करावी लागते. परदेशी गिऱ्हाइकांसाठी पॅडल किंवा लेमन स्क्वीझी यांसारख्या मध्यस्थ सेवा आहेत. त्यांचा सर्वसाधारण दर विक्रीच्या ५ टक्के आणि वर प्रत्येक व्यवहारामागे ५० सेंट असा आहे. एक्स्टेंशनची किंमत ३ डॉलर ठेवली, तर ६५ सेंट मध्यस्थाकडे जातात आणि हाती २ डॉलर ३५ सेंट उरतात. म्हणजे आडत जवळजवळ २२ टक्के झाली. किंमत १० डॉलर असेल, तर हीच आडत १० टक्क्यांवर येते. म्हणून दरमहा थोडे थोडे घेण्यापेक्षा वर्षाचे एकदम घेणे परवडते.

देशातील गिऱ्हाईक यूपीआयने पैसे देईल, पण तो कमी देईल. समजा किंमत ९९ रुपये ठेवली आणि मोफत वापरणाऱ्या १०० जणांपैकी २ जणांनी पैसे भरले. ५०० जण वापरत असतील, तर १० जणांचे ९९० रुपये येतील. ५,००० रुपये गाठण्यासाठी ५१ पैसे भरणारे, म्हणजे सुमारे २,५५० वापरणारे हवेत. नव्या, अनोळखी एक्स्टेंशनला इतके लोक जमवायला कित्येक महिने लागू शकतात. उलट एखाद्या वाहतूकदाराच्या कार्यालयाने ऑर्डरीच्या कामाचे ५,००० रुपये दिले, तर तेवढीच रक्कम एका गिऱ्हाइकाकडून मिळते आणि त्याच्या अडचणी समोर बसून समजतात. बाजारातील ओळख हे येथेही भांडवलच आहे.

झोपेतले उत्पन्न ही कल्पनाही फार काळ टिकत नाही. जागा गुगलची आहे आणि नियम बदलण्याचा अधिकारही तिचाच. कंपनीने एक्स्टेंशनच्या रचनेचे नियम बदलले, तेव्हा जुन्या पद्धतीची एक्स्टेंशन २०२४ पासून टप्प्याटप्प्याने बंद पडली. ज्यांनी वेळेवर दुरुस्ती केली नाही, त्यांचे दुकान आपोआप मिटले. शिवाय ज्या संकेतस्थळावर एक्स्टेंशन चालते, त्याने पानाची मांडणी बदलली की दुरुस्ती आलीच. आठवड्याला दोन-तीन तास देखभालीसाठी राखून ठेवणे हा या धंद्याचा कायम खर्च समजावा.

उत्पन्न कमी असले तरी ते वहीत आले पाहिजे. सेवांच्या धंद्यासाठी महाराष्ट्रात जीएसटी नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा वार्षिक २० लाख रुपये उलाढालीची आहे. पण उलाढाल पॅनवर मोजली जाते. दुकानाची जीएसटी नोंदणी ज्या व्यक्तीच्या पॅनवर आहे, तिच्याच नावे हे उत्पन्न येत असेल, तर ते वेगळे धरता येत नाही. म्हणून खाते कोणाच्या नावे उघडायचे, परदेशातून आलेल्या रकमेची कागदपत्रे कशी ठेवायची, हे पहिली रक्कम येण्यापूर्वीच आपल्या सीएंना विचारून घ्यावे. दुकानातही एक प्रश्न विचारला जातो : आपण व्यापारी आहात का? युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यामुळे ही घोषणा करावी लागते आणि होय म्हणणाऱ्याचा संपर्क तेथील ग्राहकांना दिसतो. घरचा पत्ता देण्यापेक्षा पेढीचा पत्ता देणे सोयीचे.

परवानगी ही ठेव आहे

या सर्व हिशेबात न दिसणारी एक बाजू आहे, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. एक्स्टेंशन बसवताना ब्राउझर गिऱ्हाइकाला विचारतो : याला सर्व संकेतस्थळांवरील तुमची सर्व माहिती वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी द्यायची का? घाईत होय म्हटले जाते. त्या क्षणी तो माणूस आपली बँक, आपला पत्रव्यवहार, आजारपणाच्या शंका, मुलीच्या स्थळाची चौकशी असे सर्व काही ज्या खिडकीतून पाहतो, तिची चावी एका अनोळखी माणसाच्या हाती देतो.

ही चावी विकत घेणारेही असतात. न वापरलेले टॅब झोपवून संगणकाचा भार हलका करणारे ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे एक्स्टेंशन सुमारे २० लाख लोक वापरत होते. २०२० मध्ये मूळ निर्मात्याने ते दुसऱ्याला विकले. गिऱ्हाइकांना मालक बदलल्याचे कळलेही नाही. चिन्ह तेच, नाव तेच. पुढे त्यात संशयास्पद कोड आढळला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलने ते घातक ठरवून काढून टाकले. वर्षानुवर्षांची पत एका सौद्यात गेली. एक्स्टेंशनचे वापरकर्ते वाढले की खरेदीचे प्रस्ताव घरबसल्या येऊ लागतात. रक्कम मोठी असते, आणि घेणारा मुख्यतः गिऱ्हाईक विकत घेत असतो.

दुसरा मोह कमिशनचा. खरेदीवर सवलतीचे कूपन शोधून देणारे ‘हनी’ हे एक्स्टेंशन विकसित करणारी कंपनी पेपालने सुमारे ४ अब्ज डॉलरला घेतल्याची घोषणा २०१९ मध्ये झाली. या धंद्यातील यशाचे हे सर्वांत गाजलेले उदाहरण. पण डिसेंबर २०२४ मध्ये त्याच एक्स्टेंशनवर आरोप झाला, की दुसऱ्याच्या शिफारशीने आलेल्या गिऱ्हाइकाचे कमिशन ते शेवटच्या क्षणी स्वतःच्या नावे वळवते. त्यानंतर मार्च २०२५ मध्ये गुगलने नियम कडक केले : वापरणाऱ्याला प्रत्यक्ष सवलत किंवा लाभ मिळत नसेल, तर एक्स्टेंशनने कमिशनचा दुवा घालू नये.

तिसरा धोका गाफीलपणाचा. डिसेंबर २०२४ मध्येच, ऐन नाताळात, सायबरहेवन या माहितीसुरक्षेचाच व्यवसाय करणाऱ्या कंपनीचे एक्स्टेंशन चोरांच्या हाती गेले. दुकानाकडून आल्यासारखी दिसणारी एक बनावट ईमेल आली, कर्मचाऱ्याने तिच्यावर विश्वास ठेवून परवानगी दिली आणि घातक आवृत्ती वापरणाऱ्यांपर्यंत पोहोचली. तज्ज्ञांच्या घरी असे घडू शकते, तर नवशिक्याने किती सावध राहावे, हे वेगळे सांगायला नको.

हे प्रश्न संगणकाइतके नवे आहेत असे वाटते. पण आपल्या आचार्यांनी ते व्यापाऱ्यासमोर फार पूर्वीच मांडले आहेत. हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्रा’त मार्गानुसारीचे ३५ गुण सांगितले, त्यांत पहिला मान न्यायसंपन्न वैभवाला, म्हणजे न्यायाने मिळवलेल्या धनाला दिला आहे. ‘तत्त्वार्थसूत्रा’त सत्याणुव्रताच्या अतिचारांत न्यासापहार येतो; विश्वासाने ठेवलेली ठेव गिळंकृत करणे असा त्याचा अर्थ. तेथेच साकारमंत्रभेद आहे, दुसऱ्याची गुप्त गोष्ट उघड करणे. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत खोटी मापे आणि अस्सल मालाच्या नावाखाली नकली माल खपवणे आहे. आजच्या भाषेत सांगायचे, तर वापरणाऱ्याची माहिती परस्पर विकणे हा न्यासापहार, त्याची खासगी नोंद दुसऱ्याला कळवणे हा साकारमंत्रभेद, आणि कूपन दाखवून आतून कमिशन वळवणे म्हणजे तागडीखाली पासंग लावणे.

देशाचा कायदाही आता त्याच दिशेने गेला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात गंभीर कसुरीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

यातून व्यवहाराचे नियम सरळ निघतात. गरजेपुरतीच परवानगी मागावी. बटण दाबल्यावर केवळ त्या क्षणी उघडलेल्या पानापुरतीच मिळणारी परवानगी बहुतेक छोट्या कामांना पुरते. माहिती गिऱ्हाइकाच्या संगणकाबाहेर नेऊच नये. जी ठेव घेतलीच नाही, तिची राखण करावी लागत नाही. काय साठवले जाते आणि काय नाही, हे मराठीत आणि गुजरातीत साध्या शब्दांत लिहावे. खात्याला दुहेरी पडताळणी ठेवावी. एक्स्टेंशन विकण्याची वेळ आली, तर आधी वापरणाऱ्यांना कळवावे. कोड लिहून देणाऱ्या साधनाला शेवटी एक प्रश्न अवश्य विचारावा : यात कोणती परवानगी अनावश्यक आहे? उत्तर मिळाल्यावर ती स्वतः काढून, पुन्हा चालवून पाहावे.

घरातील ज्येष्ठांचे काम

आजवर अशा विषयात घरातील मोठी माणसे बाजूला बसत. संगणकातले आम्हाला काय कळते, असे म्हणून मुलांवर सोपवत. या धंद्यात मात्र त्यांनी बाजूला बसू नये. कोड लिहिण्याचे कौशल्य आता यंत्राकडून मिळते. कोणत्या गिऱ्हाइकाला नाही म्हणावे, कोणता सौदा दिसायला गोड असला तरी सोडावा, उधारी किती द्यावी आणि चूक झाली तर पैसे कसे परत करावेत, हे ज्ञान चाळीस वर्षे गादीवर बसलेल्या माणसाकडेच असते. नातवाने परवानग्यांची यादी आजोबांना वाचून दाखवावी आणि प्रत्येक परवानगी कशासाठी लागते, हे त्यांना समजेल अशा भाषेत सांगावे. जी समजावता येत नाही, ती बहुधा लागतही नसते.

सुरुवात लहान ठेवावी. पहिले एक्स्टेंशन स्वतःच्या दुकानासाठी करावे आणि ते किमान महिनाभर दुकानातच वापरावे. मग शेजारच्या दोन पेढ्यांना मोफत द्यावे, त्यांच्या तक्रारी लिहून घ्याव्यात, दुरुस्त्या कराव्यात. त्यानंतरच ५ डॉलर भरावेत. पहिल्या वर्षी यातून कॉलेजच्या पुस्तकांचा आणि लोकलच्या पासाचा खर्च निघाला, तरी तो चांगला जोडधंदा म्हणावा. दिवाळीला वहीपूजनाच्या वेळी या उत्पन्नाचे वेगळे पान काढावे. त्या पानावर रकमेशेजारी आणखी एक आकडा लिहावा : किती जणांनी आपल्याला आपल्या खिडकीची चावी दिली आहे. दुसऱ्या वर्षी दोन्ही आकडे एकत्र वाचले, की धंदा कोणत्या दिशेने चालला आहे ते घरात सर्वांना कळेल.